कोरं पान काय मागतं: नाशिकच्या एका चाहता-विकीचं प्रकरण

नाशिकमधल्या पाच-सहा वाचकांनी मिळून एका जुन्या मराठी रहस्यकथा-मालिकेची विकी, म्हणजे सदस्यांनी मिळून लिहायचं संकेतस्थळ, उभी केली. ती चांगली चालू लागली आणि मग प्रकाशकाचं पत्र आलं: मजकूर आणि चित्रं काढा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू. त्या पत्रानंतर काय काय घडलं, कायदा नेमका कुठे लागला आणि शेवटी विकी कशी बदलली, याची ही नोंद आहे. मालिका, लेखक आणि प्रकाशक यांची नावं देत नाही, कारण दोन्ही बाजूंमध्ये तसं ठरलं आहे. मी त्या गटाचा सदस्य नाही. मीडियाविकी या विकी चालवण्याच्या सॉफ्टवेअरचं तांत्रिक काम मला येतं म्हणून मला बोलावलं होतं. कायद्याची बाजू नाशिकच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीने पाहिली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाद झाला तो लेखांतल्या मजकुरावरून, पण त्याचं मूळ साच्यात होतं. नवीन पान उघडल्यावर कोणते रकाने समोर येतात, त्यावरून लोक काय लिहिणार आणि काय उचलणार हे ठरतं. तळटीपेत कितीही सूचना लिहा, लिहिणारा माणूस रकाना भरतो.

विकी कशी वाढली

मालिका पॉकेटबुकांची. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर घ्यायची, प्रवासात वाचून संपवायची, अशी. नायक मुंबईचा, पण त्याच्या बऱ्याच कथा नाशिकात घडतात. रामकुंड आणि गोदाघाट आहेत, सरकारवाडा आहे, पंचवटीतले जुने वाडे आहेत, देवळालीची लष्करी छावणी आहे. गटाला या मालिकेचा लळा लागला तो यामुळेच. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्या एका काकांकडे जवळपास सगळी पुस्तकं होती. काही त्यांनी नवी असताना घेतलेली, बरीचशी नंतर रद्दीवाल्यांकडून जमवलेली. सर्व्हरचं काम अंबडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या ताईंकडे होतं. बाकीच्यांत एक शिक्षिका आणि कॉलेज रोडवरचे दोन-तीन विद्यार्थी.

त्यांनी फँडमवर जागा घेतली नाही. फँडम हे चाहत्यांच्या विकींचं जगातलं सगळ्यात मोठं घर. जिमी वेल्स आणि अँजेला बीझली यांनी 2004 मध्ये ते 'विकीसिटीज' या नावाने सुरू केलं, पुढे ते 'विकिया' झालं आणि 2016 पासून 'फँडम'. तिथे जागा फुकट मिळते, पण पानाची रचना आणि जाहिराती कंपनीच्या हातात राहतात. या कारणाने मोठमोठ्या विकी तिथून बाहेर पडल्या आहेत. माइनक्राफ्ट या खेळाची विकी 2023 मध्ये निघाली. सगळा मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो, कारण तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या, याच अटींवर पुढे द्या' या परवान्याखाली असतो.

नाशिकच्या गटाने सरळ स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर मीडियाविकी बसवलं. विकिपीडिया चालते तेच हे मुक्त सॉफ्टवेअर. रचना पूर्णपणे त्यांच्या हातात आली. जबाबदारीही आली, पण तिचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नव्हता.

पहिला साचा ताईंनी एका इंग्रजी चाहता-विकीवरून घेतला. पुस्तकाच्या प्रत्येक पानावर उजवीकडे माहितीचौकट, तिच्यात मुखपृष्ठ आणि त्याखाली एक रकाना: 'गुन्हेगार'. मधल्या भागात ठरलेले मथळे: 'प्रकरणवार कथानक', 'गाजलेले संवाद', 'आतली चित्रं व नकाशे'. खाली मुखपृष्ठांचं दालन. विद्यार्थ्यांनी झपाट्याने रकाने भरले. काकांनी रात्री बसून मुखपृष्ठं मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन केली.

पत्रात काय होतं

प्रकाशकाने ही मालिका नुकतीच नव्या रूपात छापायला घेतली होती. त्यांच्या विक्री विभागात कोणीतरी पुस्तकाचं नाव गुगलवर टाकलं. पहिला निकाल आला विकीचा, आणि नावाखालच्या दोन ओळींतच खुन्याचं नाव होतं. चित्रांच्या शोधात प्रकाशकाच्या स्वतःच्या फोटोआधी काकांचा स्कॅन दिसत होता. तो इतका स्वच्छ होता की त्यावरून पोस्टर छापता आलं असतं.

पत्रात पाच तक्रारी होत्या: पूर्ण आकाराची मुखपृष्ठं, प्रकरणवार कथानकं (त्यांतली काही वाक्यं पुस्तकातली जशीच्या तशी), आतल्या पानांवरचे नकाशे, मालिकेच्या नावाची जुनी अक्षररचना वापरून केलेला लोगो, आणि पानांवरच्या जाहिराती.

गटाची पहिली प्रतिक्रिया संतापाची होती, आणि तो संताप मला समजतो. ज्या पुस्तकांची स्वतः प्रकाशकाकडे धड यादी नव्हती, ती या माणसांनी जपली. कोणत्या आवृत्तीत कोणतं प्रकरण गळलं, किंमत दीड रुपयावरून कधी वाढली, हे फक्त या विकीवर सापडत होतं. पण प्रेमाने केलेलं काम आणि हक्काने केलेलं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पत्रातली प्रत्येक तक्रार वेगवेगळी तपासणं भाग होतं.

जुनं आहे म्हणून मोकळं आहे का?

काकांचा पहिला मुद्दा हाच होता: पन्नास वर्षांची पुस्तकं, आता कसला आलाय कॉपीराइट? भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात पुस्तकाचं वय बघितलं जात नाही, लेखकाच्या मृत्यूचं वर्ष बघितलं जातं. मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क टिकतो. नाशिककराला हे पटवायला उदाहरणं घरचीच आहेत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011 पासून सर्वांसाठी खुलं झालं. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले. त्यांचं लेखन 2059 संपेपर्यंत हक्काखाली राहील, त्यातलं एखादं पुस्तक साने गुरुजींच्या पुस्तकाइतकं जुनं असलं तरी.

या मालिकेचा मुख्य लेखक गेल्याला अजून तीस वर्षंही झालेली नाहीत. त्यामुळे तो मुद्दा तिथेच मिटला.

मुखपृष्ठाचं गणित वेगळं. लेखन लेखकाचं, आणि त्याच्यानंतर वारसांचं, जोपर्यंत ते लिहून दुसऱ्याला दिलेलं नाही. पण मोबदला देऊन एखाद्याकडून चित्र रंगवून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 नुसार त्या चित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो, म्हणजे इथे प्रकाशक. चित्रकाराचा आपल्या नावाचा हक्क मात्र कलम 57 खाली त्याच्याकडेच राहतो, बाकीचे हक्क कोणाकडेही गेले तरी. एकाच पॉकेटबुकावर असे तीन जणांचे धागे असतात, आणि विकीच्या जुन्या साच्यात त्यांपैकी एकाचंच नाव लिहायला जागा होती: लेखकाचं.

तळटीपेतली अमेरिकन ढाल

प्रत्येक पानाच्या तळाशी एक परिच्छेद होता. त्यात म्हटलं होतं की सगळी चित्रं आणि उतारे 'फेअर यूज'खाली, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर म्हणून, अमेरिकन कॉपीराइट कायद्याच्या कलम 107 नुसार वापरले आहेत. साचा जिथून आला, तिथूनच हा परिच्छेदही आला होता. सर्व्हर मुंबईतला, लिहिणारे नाशिकचे, प्रकाशक महाराष्ट्रातला, वाचक मराठी. त्या कलमाला इथे काही जागाच नव्हती.

अमेरिकेत 1976 च्या कायद्यातलं कलम 107 न्यायालयाला चार कसोट्या देतं: वापराचा हेतू आणि स्वरूप, मूळ कृती कोणत्या प्रकारची, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर परिणाम काय. हेतूंची यादी तिथे उघडी आहे. नवा हेतूही न्यायालयाला पटवून देता येतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 तसं उघडं नाही. त्यात 'फेअर डीलिंग' ठरावीक हेतूंसाठीच आहे: खासगी किंवा वैयक्तिक वापर, त्यात संशोधनही आलं, त्या कृतीची किंवा दुसऱ्या एखाद्या कृतीची टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन. तुमचं काम यांपैकी एका हेतूत बसलं, तरच ते 'फेअर' आहे की नाही हा पुढचा प्रश्न येतो.

आता विकीचं पान घ्या. खासगी वापर म्हणावं, तर ते जगाला खुलं आहे. वृत्तांकन नाहीच. उरली टीका आणि समीक्षा. आम्ही एकत्र बसून वाटेल ती वीस पानं उघडून पाहिली. गुन्हेगार कोण, हे प्रत्येक पानावर होतं. कथा चांगली की वाईट, कुठे जमली, कुठे लेखकाने घाई केली, आधीच्या कथेशी कुठे विसंगत झाली, यावर एकाही पानावर वाक्य नव्हतं. याच विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मात्र याच विषयांवर रात्र-रात्र भांडणं चालत. समीक्षा होत होती, पण ती साच्याबाहेर होत होती, कारण साच्यात तिच्यासाठी मथळाच नव्हता.

'गोष्टच तर सांगितली आहे'

शिक्षिकाबाईंचा मुद्दा सगळ्यांत अवघड होता. माहितीवर कोणाचा हक्क नसतो, मग अमुक कथेत अमुक पात्र पंचवटीत राहतं हीसुद्धा माहितीच झाली ना?

इतिहासातल्या घटनेवर कोणाचा हक्क नसतो हे बरोबर आहे. कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सविस्तर सांगितलं आहे. पण कादंबरीतली 'माहिती' लेखकाने घडवलेली असते. अमेरिकेत 1998 मध्ये साइनफेल्ड या टीव्ही मालिकेवरच्या प्रश्नमंजूषेच्या पुस्तकाचा खटला झाला. पुस्तकात 643 प्रश्न होते. 'आम्ही फक्त तथ्यं विचारली', असं प्रकाशकाचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. ही तथ्यं मालिकेच्या लेखकांच्या कल्पनेतून आलेली आहेत, म्हणून ती त्यांची निर्मिती आहे, असा निकाल लागला. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवाद कुठे तुटतो ते त्यातून दिसतं.

आपल्या कायद्यात याहून थेट गोष्ट आहे. 'रूपांतर' म्हणजे काय, हे सांगणाऱ्या कलम 2 मध्ये साहित्यकृतीचा संक्षेप स्पष्टपणे धरलेला आहे, आणि रूपांतराचा हक्क मालकाचा आहे. बारा प्रकरणांची कादंबरी, प्रत्येक प्रकरणाचा एकेक परिच्छेद, त्याच क्रमाने, शेवटच्या उलगड्यासह. याला संक्षेप म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? वकील मैत्रिणीने एवढंच विचारलं, "तुमचं पान वाचल्यावर पुस्तक वाचायची गरज उरते का?" रहस्यकथेच्या बाबतीत उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

चाहत्यांच्या कोशावरचा सगळ्यांत प्रसिद्ध खटला हॅरी पॉटर लेक्सिकनचा. हे आधी एक फुकट संकेतस्थळ होतं आणि मूळ लेखिकेने 2004 मध्ये त्याचं जाहीर कौतुकही केलं होतं. पुढे त्याचं पुस्तक निघणार असं ठरलं तेव्हा खटला झाला. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने पुस्तक थांबवलं आणि 6,750 डॉलर भरपाई दिली. असे संदर्भकोश मुळातच बेकायदा आहेत, असं न्यायालयाने म्हटलं नाही. उलट, कोश हा कादंबरीपेक्षा वेगळ्या कामाचा असतो हे मान्य केलं. हरकत होती ती शब्दशः उचललेल्या मजकुराच्या प्रमाणावर. मग उचललेला मजकूर कमी करून आणि स्वतःचं भाष्य वाढवून तेच पुस्तक 2009 च्या जानेवारीत बाजारात आलं.

नाशिकच्या गटाला मी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतो. विकी बंद करायची गरज नव्हती. साचा बदलायची गरज होती.

मध्यस्थ म्हणून सुटता येईल का?

ताईंनी विचारलं, मजकूर सदस्यांनी टाकला, आपण फक्त सर्व्हर चालवतो, मग आपल्यावर कसं येतं? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर फक्त ठेवणाऱ्याला, संरक्षण देतं, आणि ते कॉपीराइटच्या दाव्यातही मिळू शकतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2016 मध्ये मायस्पेसच्या खटल्यात म्हटलं. पण ते ज्याला नेमकी माहिती नाही त्याच्यासाठी आहे. इथे पानांच्या दुव्यांसह पत्र आलं होतं. शिवाय निम्मी पानं ज्यांनी लिहिली, तेच प्रचालक, म्हणजे विकी सांभाळणारे, होते. स्वतःच्या लेखनाचं मध्यस्थ होता येत नाही. कॉपीराइट नियमांमधली 36 तासांत दुवा बंद करण्याची तरतूदही तात्पुरत्या, आनुषंगिक साठवणुकीसाठी आहे. वर्षानुवर्षं ठेवलेल्या विकीपानाने तिच्या आधारावर उभं राहावं, असं मला वाटत नाही. गटाने हा मार्ग सोडला, ते बरंच केलं.

साचा नव्याने

काम सुरू झालं ते सफाईपासून, आणि सफाई दिसते तितकी सोपी नसते. विकीच्या पानावरून परिच्छेद पुसला, तरी तो 'इतिहास'मध्ये जसाच्या तसा राहतो. कोणीही जुनी आवृत्ती उघडून वाचू शकतो. त्यासाठी त्या आवृत्त्या प्रचालकाच्या अधिकाराने लपवाव्या लागतात, पानापानाने. मुखपृष्ठांचंही तसंच. पानावर चित्र बोटभर दिसतं, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की आपण लहानच चित्र वापरतो आहोत. पण त्यावर क्लिक केलं की मूळ स्कॅन पूर्ण आकारात उघडत होता, कारण मीडियाविकी लहान प्रत फक्त दाखवायला बनवतं आणि मूळ फाइल सर्व्हरवर तशीच ठेवतं. शोधयंत्रं तीच उचलतात. लहान फाइल नव्याने चढवली, तरी जुनी फाइल तिच्या इतिहासात राहते आणि तीही वेगळी पुसावी लागते.

आकार किती ठेवायचा यासाठी इंग्रजी विकिपीडियाचा दंडक घेतला: साधारण एक लाख पिक्सेल, म्हणजे अडीचशे बाय चारशेच्या आसपास. पुस्तक ओळखू येतं, पण छापता येत नाही. एका पुस्तकाच्या पानावर एकच मुखपृष्ठ, तेही त्या मुखपृष्ठाबद्दल काही लिहिलेलं असेल तरच. दालन बंद केलं.

मग माहितीचौकट. 'गुन्हेगार' हा रकाना काढला. त्याजागी 'मुखपृष्ठकार', 'प्रथम प्रकाशन', 'आवृत्त्या व किंमती', 'कथेतली नाशिकमधली स्थळं' असे रकाने आले. 'प्रकरणवार कथानक' गेलं आणि 'कथासूत्र' आलं. त्याला लांबीची मर्यादा घातली आणि उलगडा सांगायचा नाही असं ठरलं. नव्या पानाचा जो कोरा नमुना समोर येतो, त्यात पुढचे मथळे भरून ठेवले: 'रहस्याची रचना', 'मालिकेतल्या इतर कथांशी विसंगती', 'आवृत्त्यांमधले फरक', 'वाचकांचं मत'. 'गाजलेले संवाद' हा मथळा काढून टाकला. अवतरण आता 'रचना' किंवा 'मत' या भागात, ज्या मुद्द्यासाठी ते हवं आहे त्याच्या शेजारीच आणि पुस्तकाच्या पान क्रमांकासह येतं. जास्त लांब अवतरण एकदम चिकटवलं, तर गैरवापर-गाळणी, म्हणजे प्रत्येक संपादन आपोआप तपासणारी सोय, जतन करण्याआधी थांबवते आणि विचारते: हे तुमचे शब्द आहेत का?

काही रहस्यांची रचना उलगड्याशिवाय सांगताच येत नाही. त्यासाठी झाकलेला भाग ठेवला, वाचकाने स्वतः उघडल्याशिवाय न दिसणारा. पण शोधयंत्राला झाकलेलंही वाचता येतं, म्हणून त्या भागाला गुगल ओळखतं ती 'उतारा दाखवू नका' अशी खूण लावली. प्रकाशकाच्या रागाचं खरं कारण निकालातल्या त्या दोन ओळी होत्या. ते एवढ्याशा बदलाने संपलं.

नकाशांचा उपाय मला सगळ्यांत आवडला. पुस्तकातले नकाशे चित्रकाराने काढलेले, ते गेले. पण गोदाघाट, सरकारवाडा, देवळाली यांच्या जागा कोणाच्या मालकीच्या नाहीत. विद्यार्थ्यांनी ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतःचा नकाशा बनवला, त्यांच्या अटीप्रमाणे योगदानकर्त्यांचं श्रेय खाली दिलं, आणि प्रत्येक कथेतलं स्थळ त्यावर टिपलं. त्यातून जे जुन्या नकाशांत कधीच दिसलं नव्हतं ते दिसलं. एका कथेत नायक रामकुंडावरून चालत जेवढ्या वेळात देवळालीला पोचतो, तेवढ्या वेळात ते शक्यच नाही. ही नोंद 'विसंगती'त गेली. तिच्यावरची चर्चा सध्या विकीवरची सर्वांत लांब चर्चा आहे.

लोगो साध्या अक्षरांत केला, 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्ता' या मुक्त परवान्याच्या फाँटमध्ये. मालिकेचं नाव मजकुरात घ्यायला हरकत नसते, कारण ज्याबद्दल लिहायचं त्याचं नाव घ्यावंच लागतं. प्रकाशकाची अक्षररचना आणि रंग घेतले की मात्र वाचकाला हे अधिकृत संकेतस्थळ वाटतं. जाहिराती बंद केल्या आणि सर्व्हरचं भाडं आता वर्गणीतून जातं. तळटीप नव्याने लिहिली. जुन्या तळटीपेत 'या संकेतस्थळावरील सर्व काही' मुक्त परवान्याखाली आहे असं होतं, म्हणजे प्रकाशकाची चित्रंही गटाने परस्पर जगाला वाटून टाकली होती. आता परवाना फक्त सदस्यांच्या मजकुराला आणि फोटोंना आहे, मुखपृष्ठं आणि अवतरणं वगळून, आणि ते स्पष्ट लिहिलेलं आहे. लेखकाचं चरित्र मराठी विकिपीडियावरून श्रेय न देता उतरवलेलं सापडलं. तिथे श्रेय आणि इतिहासाचा दुवा दिला. प्रकाशकाचे हक्क पाळायचे आणि विकिपीडियाच्या सदस्यांचे नाही, असं करता येत नाही.

काकांचे स्कॅन

सगळ्यांत कठीण बोलणं काकांशी होतं, ते ताईंनी केलं.

"काका, स्कॅन तुम्ही केलेत, पण चित्र तुमचं नाही."

"अगं, चाळीस वर्षं जपली आहेत मी ही पुस्तकं. त्यांच्याकडे तरी आहेत का सगळी?"

नव्हती. आणि काकांच्या स्कॅनमुळेच एक गोष्ट उजेडात आली होती. पुष्कळ मुखपृष्ठांच्या खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही आहे. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये चित्र कापताना ती गेली आणि श्रेयपानावर चित्रकाराचं नाव कधी नव्हतंच. मोठ्या स्कॅनवर ती सही वाचता येते, लहान चित्रावर तिचा ठिपका होतो. म्हणजे चित्र लहान केलं की पुरावाच जातो.

वाट कलम 52 मध्येच होती. संशोधनासाठीचा वैयक्तिक वापर त्यात बसतो. मोठे स्कॅन काकांच्या हार्ड डिस्कवर राहतील, ते ताडून पाहायचं काम काका करतील, आणि विकीवर निष्कर्ष जाईल: कोणत्या आवृत्तीत, कोणत्या कोपऱ्यात, कोणाची सही. काकांनी मान डोलवायला दोन दिवस घेतले. आता 'मुखपृष्ठकार' हा रकाना एकटे काका सांभाळतात, आणि विकीवरची सर्वांत मोलाची माहिती तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

एक विद्यार्थी मात्र गट सोडून गेला. प्रकरणवार कथानकांपैकी बहुतेक त्याने लिहिली होती. आपल्या कित्येक महिन्यांच्या कामाची आवृत्ती-दर-आवृत्ती लपवालपव त्याला बघवली नाही. कायदा त्याच्या बाजूने नव्हता, पण पहिल्या दिवशी त्याच्या समोर तो रकाना ज्यांनी ठेवला, त्यांनी त्याचं एवढं तरी देणं मानायला हवं.

सध्याची स्थिती

नव्या रचनेचे दुवे जोडून गटाने प्रकाशकाला उत्तर पाठवलं. प्रत्येक तक्रारीपुढे काय केलं ते लिहिलं, आणि लहान मुखपृष्ठांसाठी लेखी परवानगी मागितली, फेअर डीलिंगवर विसंबण्याची वेळ येऊ नये म्हणून. प्रकाशकाने कारवाई थांबवली. मुखपृष्ठांची परवानगी दिली, त्याखाली त्यांच्या नावाची ओळ आणि नव्या आवृत्तीचा दुवा असावा या अटीवर. आवृत्त्यांचा तक्ता त्यांच्या संपादकांना इतका उपयोगी वाटला की त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि छपाईची जुनी नोंदवही बघू देण्याची तयारी दाखवली. लेखकाच्या वारसांनी अवतरणांबद्दल अजून काही कळवलेलं नाही. तिथे गट पूर्णपणे समीक्षेच्या अपवादावर उभा आहे, म्हणून प्रत्येक अवतरणाशेजारी मुद्दा असलाच पाहिजे हा नियम शिक्षिकाबाई कडकपणे पाळून घेतात.

एक गाठ सुटायची आहे. मालिकेतली काही पुस्तकं टोपणनावाने आली, आणि ती मुख्य लेखकाने लिहिलेली नसावीत, असा काकांचा अंदाज आहे. टोपणनावाने छापलेल्या कृतीचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. पण लेखक कोण हे त्या मुदतीत उघड झालं, तर ती मोजणी त्याच्या मृत्यूपासून होते. म्हणजे खरा लेखक शोधून काढणं हे गटाचं सर्वांत आवडतं काम, आणि त्याच शोधामुळे पुस्तकाच्या हक्काची मुदत कित्येक वर्षांनी लांबू शकते. प्रकाशकाची नोंदवही पाहून होईपर्यंत या पुस्तकांच्या पानांवर फक्त शीर्षक, वर्ष, किंमत आणि पानसंख्या ठेवायची, असं ठरलं आहे.